साडेचारशे मिलीचं खोटं

तुमचं लेकरू दवाखान्याच्या खाटेवर झोपलेलं असताना त्याच्या पायथ्याशी अडकवलेल्या कागदावर तुम्ही कधी खोटं लिहिलंय का?

लगेच ‘छे’ म्हणू नका. मला कुणी विचारलं असतं तर मीही छे म्हटलं असतं आणि वर चार वाक्यं सुनावली असती. मी पत्रकं वाचत मोठी झाले. माझे वडील तुर्भ्याच्या मार्केटात पाठीवर गोणी वाहायचे आणि दुपारच्या सुट्टीत गेटवर कामगार संघटनेची पत्रकं वाटायचे. उरलेली पत्रकं घरी यायची. मागच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली आणि पुढच्या बाजूवर वाचायला शिकले. खोटा आकडा कोण लिहितं आणि कशासाठी, हे मला दहाव्या वर्षी तोंडपाठ होतं. मालक लिहितो. सरकार लिहितं.

आई लिहिते, हे कुठल्याच पत्रकात नव्हतं.

मी लिहिलं. तीन दिवस, निळ्या पेनाने, माझ्या पाच वर्षांच्या मुलीच्या तक्त्यावर. तिचं नाव जुई. ती वाचली म्हणून मी हे लिहिते आहे. वाचली नसती तर मी तोंड उघडलं नसतं. अशा किती आया तोंड मिटून बसल्या असतील, मला माहीत नाही.

गाल भरले

जुई जन्मापासून काडी. कामोठ्याला आमच्या सोसायटीच्या जिन्यात मला रोज एक तरी बाई ऐकवायची, “हिला खायला घालतेस की नाही?” त्यामुळे एका सकाळी तिचे गाल भरलेले दिसले तेव्हा घरात आनंदीआनंद झाला. माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते, त्यांच्या साताऱ्याकडची तशी पद्धत. आत्यांनी जुईची हनुवटी धरली आणि मला म्हणाल्या, “बघ, माझं नाचणीचं सत्त्व अंगी लागलं. तुझ्या बिस्किटानं हे न्हाई व्हायचं.” मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी लाल बदाम पाठवले. दोन दिवस आम्ही तिच्या सुजेचं कौतुक केलं.

तिसऱ्या दिवशी ती संडासातून ओरडली, “मम्मी, माझी सू चहासारखी आलीय!” बिनदुधाच्या चहासारखी होती. वळून बघितलं तर तिचे डोळे पुरते उघडतही नव्हते.

कॉलनीतल्या डॉक्टरबाईंनी आधी तिच्या नडग्या बघितल्या. तिथे काळे डाग होते. “या पुळ्या कधीच्या?”

“तीन आठवडे झाले असतील. कडुलिंबाच्या पाण्याने धुतल्या. गेल्या.”

“पुळ्या गेल्या. त्यांनी करायचं ते करून गेल्या.” त्यांनी दोनदा रक्तदाब घेतला. “त्यातूनच मूत्रपिंडांना सूज आलीय. बहुतेक मुलं यातून पूर्ण बरी होतात. पण हिचा रक्तदाब चढलाय. आत्ताच्या आत्ता दाखल करा. कपडे आणायला घरी जाऊ नका.”

माझा नवरा संदेश तुर्भ्याला शीतगृहात कामाला आहे. भर उन्हात तो कामावरचं जाड स्वेटर अंगात तसंच ठेवून रुग्णालयात धावत आला. त्याचं पहिलं वाक्य होतं, “दोन दिवस पोरीचं तोंड सुजलंय आणि तू फोटो काढत होतीस?”

मी मोबाईल उघडून त्याच फोटोखालचा त्याचा लाल बदाम त्याला दाखवला. मुलगी सुईला घाबरून किंचाळत होती आणि आम्ही दोघं एकमेकांचे पुरावे काढत होतो.

दारावरची पाटी

रुग्णालयाचं नाव मी घेणार नाही. घेतलं तर तुम्ही म्हणाल, तिथलं तसंच आहे, आणि सुटाल.

मुलांच्या वॉर्डात बत्तीस खाटा होत्या आणि एका पाळीला दोन सिस्टर. वॉर्डाच्या दारावर सुंदर अक्षरात रंगवलेलं होतं: ‘कुटुंब हे बालकाच्या शुश्रूषेतील भागीदार आहे.’ त्या पाटीच्या बरोबर खाली खुर्ची टाकून सुरक्षारक्षक बसायचा. कुटुंबाला आत येऊ न देणं हे त्याचं काम. मुलामागे एक बाई. बापाने यायचं संध्याकाळी चार ते पाच. आजीने यायचंच नाही.

आणि आत जी एक बाई असे, तिने काय करायचं? अंग पुसायचं, चादर बदलायची, रक्ताची बाटली दोन मजले उतरून प्रयोगशाळेत द्यायची, रिपोर्ट आणायला रांगेत उभं राहायचं, सलाईन संपत आलं की ओरडून सांगायचं, आणि ओरडलं म्हणून ओरडा खायचा. बिनपगारी हात हवे होते. त्या हातांना डोकं आहे, हे कुणाच्या गावी नव्हतं.

दिवसपाळीला शिंगाडे सिस्टर होत्या. पन्नाशीच्या, पायाला घट्ट पट्टा बांधलेल्या. डॉक्टरांशी अहो-जाहो, आयांशी अगं-तुगं.

“ए जुईची आई, लघवी भांड्यात धरायची, मापात ओतायची, इथे मिलीत लिहायची. पाणी किती दिलं तेही लिहायचं. डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच पाणी. समजलं?”

“कशासाठी मोजायचं, सिस्टर?”

“डॉक्टरांना लागतं.”

मला मिळालेलं शिक्षण एवढंच.

दुसऱ्या दिवशी जुईने झोपेत चादर ओली केली. शिंगाडे सिस्टर भर वॉर्डात कडाडल्या, “शिकलेली दिसतेस ना? पोरीच्या मुताकडे लक्ष देता येत नाही? मग इथे बसतेस कशाला, पिकनिकला?” बाजूच्या बायका हसल्या. मीही हसले, कारण न हसता तिथे उभं राहता येईना. जुई माझ्या कुशीत शिरून म्हणाली, “मम्मी, मी सू करणारच नाही आता.” आणि ती खरोखरच दाबून धरायला लागली. ज्या पोरीची सू हाच आख्ख्या उपचाराचा प्राण होता, ती आईला ओरडा बसू नये म्हणून सू धरून बसली.

तहान

तिला पाणी मोजून मिळायचं. दिवसभरात तीन-चार लहान वाट्या. मे महिना आणि डोक्यावर खडखडणारा पंखा. ती माझ्याकडे नुसती टक लावून बघायची. मी तिचं तोंड पुसायला ओला रुमाल आणला की ती तो दातात पकडून चोखायची. मी ओढून घ्यायचे. एकदा मी तिचे हात धुवत असताना तिने पटकन ओंजळ तोंडाला लावली आणि मी तिच्या हातावर चापट मारली. सुजलेल्या हातावर चापट मारली की बोटांचे वळ बराच वेळ खळग्यासारखे राहतात. मला हे माहीत आहे.

“तू घाण मम्मी आहेस. आजी पाजते मला पाणी.”

आजी गेटबाहेर होती. आत्या रोज दुपारी कामोठ्याहून यायच्या, रक्षकाशी भांडायच्या आणि बाहेरून मला फोन करायच्या. “पोरीला तहानेनं मारताय व्हय गं? कोन तो डाक्टर? त्याला खाली धाड.” मी त्यांना समजावणार कसं? मलाच कुणी समजावलं नव्हतं. मी म्हणायचे, “आत्या, सांगितलंय म्हणून करते.” ज्या वाक्यावर मी आयुष्यभर थुंकत आले, तेच वाक्य.

कालचाच टाक

चौथ्या दिवशी मला सकाळी रक्त घेऊन खाली पाठवलं. रांग मोठी होती. परत आले तर वॉर्डातल्या मावशींनी जुईची चादर बदललेली होती. किती ओली होती? “वली होती, टाकली धुवायला,” मावशी म्हणाल्या. दुपारी जुईने सू धरायच्या नादात भांडं लाथाडलं आणि उरलंसुरलं फरशीवर गेलं. संध्याकाळी तक्ता भरायची वेळ झाली तेव्हा माझ्याकडे मोजलेले फक्त एकशे ऐंशी मिली होते. बाकीचं काय लिहू? पलीकडून शिंगाडे सिस्टर एकेक खाट करत येत होत्या. तीन खाटांवरून त्यांचा आवाज ऐकू येत होता.

शेजारच्या खाटेवर करंजाड्याकडची वनिता होती, तिच्या तापकरी मुलाला घेऊन. आमच्याआधी आठवडाभर आलेली, त्यामुळे वॉर्डातली जाणकार. ती माझ्याकडे वाकली. “ए बाय, बगतंस काय? कालचा आकडा हाय ना? त्याच्यात जरा वारव नि टाक. आमी तेच करतो. मग वरडत न्हाय कोन.”

मी लिहिलं: ४५०.

शिंगाडे सिस्टरांनी तक्ता बघितला, सही केली आणि चार दिवसांत पहिल्यांदा माझ्या खांद्यावर हात ठेवला. “बघ, जमतं की लक्ष दिलं तर.”

तो हात मला इतका बरा वाटला की डोळ्यांत पाणी आलं. मी मोर्च्यात पोलिसांसमोर उभी राहिलेली बाई आहे. एका थकलेल्या सिस्टरच्या शाबासकीसाठी मी माझ्या पोरीचं मूत तक्त्यावर वाढवलं.

पुढचे दोन दिवस तेच केलं. खोटं एकदा लिहिलं की दुसऱ्या दिवशी खरं लिहिता येत नाही. अचानक एकशे सत्तर लिहिलं तर विचारतील ना, काल इतकी होती, आज काय झालं? रोज जुईचं वजन केलं असतं तर अंगात साठलेलं पाणी दिसलं असतं आणि माझी चोरी पहिल्याच दिवशी पकडली गेली असती. पण वॉर्डातल्या वजनकाट्यावर ‘बंद’ असा कागद चिकटवलेला होता, आणि तो कागदही जुना होऊन पिवळा पडला होता.

डॉक्टर खूश झाले. तरुण होते, भले होते. “लघवी वाढतेय, छान. इंजेक्शन कमी करूया. पाणी थोडं वाढवा.”

जुईला पूर्ण पेला मिळाला. तिने तो दोन्ही हातांनी धरला, एका दमात प्यायली आणि पेल्यात तोंड घालूनच हसली. मीही हसले. शपथेवर सांगते, तोवर माझाही त्या आकड्यावर विश्वास बसला होता.

झटका

सातव्या दिवशी सकाळपासून ती खोकत होती. निजवलं की खोकला वाढायचा, म्हणून मी तिला मांडीवर उभी धरून बसले. जेवणाच्या सुमारास म्हणाली, “मम्मी, डोकं दुखतंय. लाईट बंद कर.” लाईट लागलेलाच नव्हता. मग तिने माझ्या मागे कुठेतरी बघितलं आणि तिचं अंग ताठ झालं. दात वाजले. एक हात झटके देत माझ्या छातीवर आपटत राहिला.

तिला अतिदक्षता विभागात नेलं. रक्तदाब डोक्यात गेला होता आणि फुप्फुसांत पाणी उतरलं होतं. बाहेरच्या बाकावर डॉक्टर माझ्यासमोर तक्ता घेऊन बसले. त्यांना कळत नव्हतं. “लघवी इतकी चांगली होतेय, मग पाणी साठतंय कुठून? हृदयाचं काही आहे का बघावं लागेल. तपासण्या लावतो.” मग सहज विचारल्यासारखं विचारलं, “हे आकडे बरोबर आहेत ना?”

मी म्हणाले, “हो.”

इथे थांबून सांगते, मला तुमची दया नको आहे. माझी मुलगी काचेपलीकडे मरायला टेकली होती, तिच्यावर चुकीच्या आजाराचा शोध सुरू होत होता, आणि मी हो म्हणाले. डॉक्टर उठून गेले. संदेश माझ्या शेजारी बसला होता, त्याला मी काही सांगितलं नाही.

सही कुणाची

दहा मिनिटं गेली असतील. मी उठले आणि वॉर्डात गेले. डॉक्टरांकडे जायची हिंमत नव्हती, म्हणून शिंगाडे सिस्टरांकडे. त्या औषधं वाटत होत्या.

“सिस्टर, मी खोटं लिहिलं. तीन दिवस. तिला निम्मीसुद्धा होत नव्हती.”

त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली. मला वाटलं, मारतील.

“मला माहीत होतं,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“सगळ्याच लिहितात. चादर ओली होती हे धुण्यात दिसतं ना मला. आणि तक्त्यावर गोल गोल आकडे. साडेचारशे, पाचशे. पोरं काय मोजून मुततात?”

“मग तुम्ही सही कशी केली?”

“कशी केली?” त्या पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या. “सकाळचं बी.पी. बत्तीस पोरांचं मी घेते असं वाटतं तुला? निम्म्यांचं घेते. निम्म्यांचं लिहिते.”

दोन खोटारड्या बाया, पाटीवर लिहिलेल्या भागीदार. भागीदारी होती ती एवढ्यापुरतीच.

मग त्यांनी माझं मनगट पकडलं आणि पट्टा बांधलेला पाय ओढत मला जवळजवळ पळवत नेलं. डॉक्टरांसमोर त्या म्हणाल्या, “तक्ता खोटा आहे. आकडा हिचा, सही माझी. हृदय शोधू नका, पाणी काढा.”

डॉक्टर त्यांना माझ्यादेखत बोलले. “तीस वर्षं नोकरी करता ना? लक्ष देता येत नाही?” जवळपास त्याच शब्दांत, जे त्या आम्हाला वापरायच्या. सिस्टर मान खाली घालून उभ्या होत्या. मला त्या क्षणी बरं वाटलं. मी तेही लपवत नाही.

पाणी काढलं. औषधं बदलली. दोन दिवसांनी जुईने डोळे उघडून मला ओळखलं आणि पहिली गोष्ट मागितली, पाणी. मी दिलं नाही.

बारदान

जुई वॉर्डात परत आली त्या दुपारी शिंगाडे सिस्टर आमच्या खाटेपाशी स्टूल ओढून बसल्या. “ऐक. काल जेवढी सू झाली, तेवढंच पाणी आज द्यायचं, वर थोडंसं. जास्त लिहिलंस तर जास्त पाजतो. ते बाहेर पडत नाही, छातीत जातं. म्हणून मोजायचं.”

समजावायला तीन मिनिटं लागली. पहिल्या दिवशी ही तीन मिनिटं मिळाली असती तर मी कितीही ओरडा खाऊन खरं लिहिलं असतं. आणि सिस्टरांकडे ती तीन मिनिटं नव्हती, कारण त्यांच्या जागी तिघी हव्या होत्या. ज्यांनी दोन नेमल्या, ते कधी कुठल्या वॉर्डात ओरडा खायला येत नाहीत.

“पण चादर ओली झाली तर?” मी विचारलं. “ती कशी मोजू?”

“ते आमच्याकडे जमत नाही,” सिस्टर म्हणाल्या. चार वाजता संदेश पास घेऊन वर येणार होता. मी त्याला फोन करून स्वतःऐवजी आत्यांना पाठवायला सांगितलं; खरं काय झालं ते त्यांना माझ्या तोंडून सांगायचं होतं. नियम बापासाठी होता. सिस्टरांनी रक्षकाला हाताने खूण केली.

आत्यांनी कांदा-बटाटा मार्केटात उमेदीची वर्षं काढली आहेत आणि आता आमच्याच सेक्टरच्या कोपऱ्यावर कांदे-लसूण विकतात. मी त्यांना सगळं सांगितलं. खोट्यासकट. त्या जुईच्या पायावरून हात फिरवत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “मला लिवता येत न्हाई म्हणून आजवर लाज वाटायची. बरंच झालं म्हणायचं. मी असती तर खोटं लिवलं नसतं.”

ते वाक्य अजून आमच्या घरात राहतं. एका ताटात जेवतो, पण ते मध्ये असतं.

चादरीचं ऐकून मात्र त्या वैतागल्या. “त्यात काय कोडं हाय? गोणी तोलताना बारदान वजा करत्यात का न्हाई? कोरं फडकं आधी तोला. वलं झालं की परत तोला. रिकाम्या गोणीचं वजन काढलं की आतला माल कळतो.”

सिस्टर म्हणाल्या, “आजी, मोठ्या दवाखान्यांत तान्ह्यांचे लंगोट असेच तोलतात. आमच्याकडे काटा नाही.”

“माझ्याकडं हाय,” आत्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचा लसूण तोलायचा काटा जुईच्या खाटेखाली आला. त्या तोलायच्या, आकडा मोठ्याने म्हणायच्या, मी लिहायचे, संध्याकाळी संदेश बेरीज तपासायचा. शेजारच्या दोन आयांनीही फडकी तोलायला आणली. वनिताने आणली नाही. “तू सांगून मोकली झालीस,” ती मला म्हणाली. “आता आमच्या पोरांचं कागद पन तपासतील. चोर ठरवलंस आमाला.” ती मुलाला घेऊन घरी गेली तेव्हा माझ्याकडे बघितलंही नाही. तिचा मुलगा कसा आहे, मला माहीत नाही.

आत्यांना आत येऊ दिलं म्हणून शिंगाडे सिस्टरांना लेखी जाब विचारला गेला. खोट्या सहीबद्दल नाही. नियमभंगाबद्दल.

जुई आता शाळेत जाते. रक्तदाब ठीक आहे, सू स्वच्छ आहे. घरात माठ भरलेला असतो, तरी प्यायच्या आधी ती माझ्याकडे बघून विचारते, “किती पिऊ?” मी म्हणते, हवं तेवढं पी. ती अर्धाच पेला पिते आणि उरलेलं मला दाखवते.

मागणं

पत्रकाच्या शेवटी मागणी असते. माझी मागणी तुमच्याकडेच आहे.

उद्या तुमच्या लेकराच्या पायथ्याशी तो कागद अडकवतील. पेन हातात घेण्याआधी विचारा: या आकड्यावरून माझ्या मुलाचं काय ठरणार आहे? उत्तर मिळेपर्यंत पेन उघडू नका. सिस्टर चिडतील, चिडू द्या. आणि ज्या दिवशी मोजायचं राहील, त्या दिवशी अंदाजाचा आकडा टाकू नका, शेजारणीचं ऐकू नका. त्या चौकटीत ठळक अक्षरात लिहा, ‘मोजलं नाही’. मग कागद घेऊन सिस्टरांपुढे जा, ते दोन शब्द मोठ्याने वाचा आणि उभ्या राहून पूर्ण ओरडा खा.